मालवणी वडे फुगत नाहीत? तेलाआधी पिठातलं पाणी तपासा

भांडुपहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरहून वड्यांचं तयार पीठ आणलं, कोमट पाण्यात मळलं, दोन तास झाकून ठेवलं आणि तळलं. विसातले चार-पाच वडे फुगले, बाकीचे चपटेच राहिले आणि तेल प्यायले. फुगले तेही तासाभरात वातड झाले. दोन वडे तेलात फुटले, तेव्हापासून कढईजवळ उभं राहायची भीती बसली आहे. येत्या रविवारी पंधरा माणसं जेवायला आहेत. सासूबाईंचं माप "अंदाजानं" या एका शब्दात संपतं. आणि कुणीतरी सांगितलंय की चिमूटभर सोडा आणि वाटीभर मैदा घाला, म्हणजे हमखास फुगतील.

सोडा नको आणि मैदाही नको. तुमच्या तक्रारी चार दिसतात, पण त्यातल्या तीन एकाच ठिकाणाहून आल्या आहेत: पिठात पाणी नीट मुरलेलं नाही. न फुगणं, तेल पिणं आणि गार झाल्यावर वातड होणं, ही एकाच दुखण्याची लक्षणं. फुटण्याचं कारण थोडं वेगळं आहे, त्याकडे शेवटी येते. तेल किती तापवायचं, मधे भोक पाडायचं की नाही, झाऱ्यानं दाबायचं की नाही, हे सगळं नंतरचं. कढई गॅसवर चढायच्या पाच-सहा तास आधीच बरंचसं ठरून गेलेलं असतं.

घोळ बहुतेक वेळा इथे होतो की वड्याला आपण नकळत पुरीसारखं वागवतो. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की ग्लुटेन तयार होतं. ते रबरासारखं ताणलं जातं, त्यामुळे दहा मिनिटं मुरलेली कणीकसुद्धा वाफ धरून ठेवते आणि पुरी टम्म फुगते. वड्याच्या पिठात दोन-तृतीयांश तांदूळ असतो, आणि तांदळात ग्लुटेन नाही. मग वडा वाफ धरतो कशाच्या जोरावर? एक, गरम पाण्यानं अर्धवट शिजून चिकट झालेला तांदळाचा स्टार्च. दोन, उडदाचा चिकटपणा. या दोघांनाही पाणी भरपूर लागतं आणि वेळही लागतो.

वडा तेलात पडला की वरचं आणि खालचं कवच आधी धरतं, आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती दोन पदर एकमेकांपासून उचलते. कवच एकसंध आणि लवचिक असेल तर वडा फुगतो. पिठाचे कण आतून कोरडे राहिले असतील तर कवच वाळूच्या भिंतीसारखं होतं, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. वाफ त्या भेगांमधून निसटते आणि त्याच वाटेनं तेल आत शिरतं. म्हणून चपटा वडा आणि तेलकट वडा बहुधा एकच असतो. आधीच पाणी कमी असल्यामुळे गार होता होता तो सुकतो आणि चामट लागतो.

आता कोमट पाण्याचा मुद्दा. तांदळाचा स्टार्च साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या पुढे फुगून चिकट होतो. अर्धा किलो पीठ घरातल्या तापमानाला, म्हणजे ३० अंशांच्या आसपास असतं. त्यात ३५० मिली खळखळ उकळतं पाणी ओतलं तर मिश्रण ७० अंशांच्या जवळ पोचतं. तेच पाणी ५० अंशांचं, म्हणजे बोट बुडवता येईल असं कोमट असेल, तर मिश्रण जेमतेम ४० पर्यंत जातं. त्या तापमानाला स्टार्च जसाच्या तसा राहतो. हाताला गरम लागतं म्हणून आपल्याला वाटतं की गरम पाण्यात मळलं, पण पिठाच्या दृष्टीनं ते गार पाणीच.

याचा अर्थ कोमट पाण्याची पद्धत चुकीची आहे असा मुळीच नाही. कोकणात कित्येक घरांत कोमट पाण्यातच मळतात, पण ते पीठ रात्रभर ठेवलेलं असतं. आठ-नऊ तासांत प्रत्येक कणाच्या गाभ्यापर्यंत पाणी जातं, उडीद मुरतो, पीठ थोडं आंबतं. दुसरी पद्धत उकळत्या पाण्याची. तिला कमी वेळ पुरतो, कारण अर्धं काम पाण्यानंच केलेलं असतं. तुम्ही पाणी पहिल्या पद्धतीचं घेतलंत आणि वेळ दुसरीचा.

काही गोष्टी घराघरावर अवलंबून आहेत, त्यांत बरोबर-चूक नाही. कुणी पिठात गहू घालतं, कुणी ज्वारी, कुणी दोन्ही घालत नाही. कुणी धान्य भाजतं, कुणी फक्त धुऊन वाळवतं. मधे भोक पाडणारे आणि न पाडणारे दोन्ही आहेत. म्हणून खाली दिलेलं पाण्याचं माप म्हणजे सुरुवात समजा. तांदूळ जुना असेल तर पाणी जास्त लागतं, नवा असेल तर कमी. उकडा तांदूळ वापरला असेल तर बरंच जास्त. तयार पिठात नेमकं काय आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून त्याची आधी छोटी चाचणी करावी.

चाचणी अशी. ५० ग्रॅम पीठ एका वाटीत घ्या, त्यात ४० मिली उकळतं पाणी घालून चमच्यानं ढवळा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मग चांगलं मळून लिंबाएवढी गोळी करा आणि तळहातावर अंगठ्यानं दाबून चपटी करा. कडेला भेगा पडल्या तर पाणी कमी आहे. चमचाभर, म्हणजे ५ मिली पाणी घालून पुन्हा मळा आणि पुन्हा दाबा. कड गुळगुळीत राहील तिथे थांबा. एकूण किती पाणी गेलं ते लिहून ठेवा आणि दहापट करा, अर्ध्या किलोचं माप तुमच्या हातात आलं. बहुतेक पिठांना अर्ध्या किलोला ४०० ते ४३० मिली लागतं. याच चाचणीत पिठाचा वासही घ्या. खवट किंवा जुन्या तेलासारखा वास आला तर ते पीठ कितीही नीट मळलं तरी चव येणार नाही, परत करा. पीठ चिमटीत चोळून बघा: अगदी मैद्यासारखं गुळगुळीत लागलं तर वडे चिवट होतील, कण टोचले तर ते चाळून घ्यावं लागेल. लेबलवर घटकांत गव्हाचं पीठ किंवा मैदा तांदळाच्या आधी लिहिलेला असेल, तर ती जाड पुरीच आहे असं समजा.

पुढच्या वेळेसाठी पीठ घरचंच करा असं मी सांगेन. पीठ आपलं असलं की पाण्याचा अंदाज दरवेळी नव्यानं शोधावा लागत नाही. मी घेते ते प्रमाण: जाडा तांदूळ १ किलो, पांढरी उडीद डाळ २५० ग्रॅम, हरभरा डाळ १२५ ग्रॅम, गहू १२५ ग्रॅम, धणे २५ ग्रॅम, बडीशेप १५ ग्रॅम, मेथी १० ग्रॅम, काळी मिरी ५ ग्रॅम. साधारण दीड किलो पीठ होतं. तांदूळ जाडाच हवा, आणि शक्यतो जुना. बासमतीसारखे लांब, फडफडीत तांदूळ यासाठी नकोत. जो भात मोकळा होतो त्याचं पीठ चिकट होत नाही. उडीद हा इथला खरा कर्ता. तो २०० ग्रॅमच्या खाली गेला तर कडेला भेगा पडतात आणि ३०० च्या वर गेला तर पीठ हाताला चिकटतं, वडा आतून गिच्च राहतो. हरभरा डाळीनं खरपूस रंग आणि चव येते, पण ती वाढवली तर वडा कडक होतो. गहू थापताना आधार देतो, विशेषतः हात बसलेला नसेल तेव्हा. सवय झाली की तो काढून टाकला तरी चालतं. मेथी १० ग्रॅमच्या पुढे नेऊ नका. ती पिठाला बांधून ठेवते खरी, पण जास्त झाली तर कडूपणा रश्श्यातही उतरतो.

तांदूळ आणि डाळी धुऊन, निथळून, सुती कापडावर पंख्याखाली पूर्ण वाळवा. मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम अवघड असतं. हवेतच इतका ओलावा असतो की दोन दिवसांनीही दाणा आतून दमट राहतो, आणि दमट दाण्याचं पीठ गिरणीत गोळा होतं आणि आठवड्यात कुबट लागतं. पावसाळ्यात सरळ धुवायचंच टाळा: दाणे ओल्या फडक्यानं नीट पुसून घ्या आणि मंद आचेवर कढईत गरम करा. आषाढातल्या गटारीला वडे करायचे असतील तर पीठ मे महिन्यातच दळून, घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवणं सगळ्यात सोपं.

भाजताना हात आखडता घ्या. थालीपिठाच्या भाजणीसारखं खमंग, लालसर भाजायचं नाही. तांदूळ हाताला चटका बसेल इतका गरम झाला आणि डाळींचा कच्चा वास गेला की उतरवायचं. उडीद लाल झाला की त्याचा चिकटपणा गेला, आणि मग कितीही पाणी घाला, पीठ भुसभुशीतच राहतं. "घरचं पीठ असूनही वडे चिरतात" ही तक्रार येते, तिथे पहिला संशय मी जास्त भाजलेल्या उडदावर घेते.

गिरणीवाल्याला "वड्याचं पीठ" एवढंच सांगितलं तर तो आपल्या सवयीनं दळतो. नेमकं सांगा: भाकरीच्या पिठापेक्षा जाडसर, इडलीच्या रव्यापेक्षा बारीक. आणि तुमच्या आधी तिथे मसाला किंवा बेसन दळलेलं नसावं. तांदळावर दळलेलं उत्तम. मिक्सरवरही होतं, पण एका वेळी २०० ग्रॅमच्या वर नको, भांडं तापलं की थांबा आणि शेवटी रवा चाळायच्या चाळणीनं सगळं चाळून घ्या. चाळणीत उरलेले डाळीचे कण पुन्हा फिरवा, तसेच पिठात टाकू नका. फुटण्याच्या वेळी हेच कण आठवतील.

आता मळणं. रविवारसाठी मी उकळत्या पाण्याचीच पद्धत सुचवते, पण एका फरकानं. सगळ्या पिठावर उकळतं पाणी ओतलं तर स्टार्च छान शिजतो, पण पीठ आंबवणारे जे सूक्ष्मजीव धान्यासोबत आलेले असतात त्यांतले बहुतेक मरतात. मग पीठ कितीही वेळ ठेवा, ती हलकी आंबूस चव येत नाही. म्हणून पिठाचे दोन भाग करायचे. अर्ध्या किलोतलं ३५० ग्रॅम जाड बुडाच्या पातेल्यात घ्या, त्यात १० ग्रॅम मीठ आणि अर्धा चमचा हळद मिसळा. ३०० मिली पाण्यात एक मोठा चमचा तेल घालून ते खळखळ उकळवा आणि एकदम पिठावर ओता. लाटण्याच्या टोकानं भराभर ढवळा, कोरडं पीठ कुठे दिसायला नको. घट्ट झाकण ठेवून वीस मिनिटं विसरून जा. मोदकाची उकड काढल्यासारखंच आहे हे, फक्त गॅसवर न ठेवता.

हात लावता येईल इतकं निवलं की ते परातीत घ्या, राखून ठेवलेलं १५० ग्रॅम कोरडं पीठ त्यात मिसळा आणि कोमट पाणी थोडं थोडं घालत मळा. इथे साधारण १०० मिली पाणी जाईल. नेमकं किती ते तुमच्या चाचणीनं सांगितलेलंच आहे. तळहाताच्या टाचेनं दाबून, पुढे रेटून, आठ-दहा मिनिटं नेटानं मळायचं. पीठ चपातीच्या कणकेपेक्षा सैल आणि थालीपिठाच्या पिठापेक्षा घट्ट हवं. मळून झाल्यावर ते किंचित सैलच वाटायला हवं, कारण पुढच्या काही तासांत उरलेले कण पाणी पिऊन ते घट्ट करणार आहेत. मळताक्षणी जे पीठ अगदी बेताचं वाटतं, ते थापताना कोरडं पडतं. तुमचं बहुधा तसंच झालं असावं.

पीठ भाजलेल्या धान्याचं असेल तर मळताना एक चमचा आंबट दही घाला, कारण भाजण्यातही ते सूक्ष्मजीव गेलेले असतात. सोललेल्या कांद्याची फोड पिठात खोचून ठेवायची रीत अनेक घरांत आहे. तिचा वास पिठाला छान लागतो, जरूर करा. पण फुगण्याचा भार तिच्यावर टाकू नका. म्हाळाच्या किंवा नैवेद्याच्या वड्यांना ती अर्थातच नको. कांदा किसून मात्र घालू नका. त्याला पाणी सुटतं, आणि त्याचे धागे कवचाला भोकं पाडतात.

तेलाचं मोहन वर सांगितलं तेवढंच, अर्ध्या किलोला एक मोठा चमचा. जास्त मोहन म्हणजे जास्त मऊ, असा समज आहे, पण होतं उलटं: तेल कणांना वेगळं ठेवतं, वडा शंकरपाळ्यासारखा खुसखुशीत होतो आणि वाफ धरत नाही. सोड्याचंही तसंच. त्यानं पीठभर बारीक बुडबुडे होतात, वडा जाळीदार होतो आणि जाळी तेल शोषते. शिवाय आतून शिजायच्या आधी बाहेरचा रंग काळपट होतो. आपल्याला पिठात शंभर छोटी भोकं नकोत, दोन पदरांमधली एक मोठी पोकळी हवी आहे. मैद्यानं फुगेल हे खरं, पण चघळावं लागेल, आणि रश्श्यात बुडवल्यावर तो लगदा होण्याऐवजी चामड्यासारखा लोंबतो.

मुरण्याचा वेळ मुंबईच्या हवेवर ठरतो. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात चार तास पुरतात. पावसाळ्यात पाच-सहा. डिसेंबर-जानेवारीत सात-आठ, म्हणजे रात्रभर ठेवलं तरी चालतं. घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. इडलीच्या पिठासारखं ते दुप्पट होणार नाही, तशी वाट बघू नका. बोट रुतवल्यावर आत किंचित पोकळ, मऊ लागायला हवं, आणि वास ताकासारखा हलका आंबूस. नाक मुरडावंसं वाटेल इतका आंबट वास आला तर पीठ पुढे गेलं. ते पातळ होतं आणि तेल ओढतं. अशा वेळी मूठभर कोरडं पीठ मळून घ्या, अर्धा तास थांबा आणि लगेच तळायला घ्या. फेकू नका, चव थोडी आंबट येते एवढंच.

इथपर्यंतचं एकदा पुन्हा: पीठ जाडसर, उडीद लाल न भाजलेला; दोन भाग पिठावर उकळतं पाणी, एक भाग कोरडं राखलेलं; किंचित सैल मळायचं; आणि ऋतूप्रमाणे चार ते आठ तास मुरवायचं. एवढं झालं असेल तर थापणं आणि तळणं सोपं जातं.

थापायला घेण्याआधी पीठ पुन्हा दोन मिनिटं मळा. गोळा ४० ग्रॅमचा, मोठ्या लिंबाएवढा. केळीचं पान मिळालं तर उत्तम. दादरच्या फुलबाजारात मिळतं. नाही तर दुधाची पिशवी धुऊन, कापून पसरली तरी काम होतं, फक्त ती गरम कढईपासून लांब ठेवा. पानाला पाण्याचा हात लावा, तेलाचा नको. तेल लावलं तर पीठ सरकतं आणि कड पातळ होते. बोटांच्या पेरांनी मधून बाहेर थापत न्या. वडा ९ ते १० सेंटिमीटर रुंद आणि ४ ते ५ मिलिमीटर जाड हवा, म्हणजे पुरीच्या जवळपास दुप्पट. पातळ थापलात तर दोन्ही पदर एकत्रच कडक होतात आणि पापडासारखा वडा होतो. ६ मिलिमीटरच्या पुढे गेलात तर आत वाफ व्हायच्या आधी कवच जाड होतं. आणि जाडीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे ती सगळीकडे सारखी हवी. अर्धवट फुगलेला वडा बघा: जिथे फुगलेला नाही तिथे बोटाचा खळगा पडलेला असतो किंवा पीठ जास्त राहिलेलं असतं.

भोकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: हात बसेपर्यंत पाडा. करंगळीच्या टोकाएवढं, एक सेंटिमीटरचं. वड्याचा मधला भाग सगळ्यात उशिरा शिजतो, भोकामुळे तिथे तेल पोचतं. भोकाची कड लगेच बंद होते आणि वडा कड्यासारखा गोल फुगतो. न पाडता वडा पूर्ण डोमासारखा फुगतो आणि दिसतो सुंदर, पण थापण्यातली एकही चूक तो माफ करत नाही.

कढईत तेल ५-६ सेंटिमीटर खोल असावं, आणि कढई अर्ध्याच्या वर भरलेली नसावी. तेल १८० ते १८५ अंश. थर्मामीटर नसेल तर हरभऱ्याएवढी पिठाची गोळी टाका. तळाला जाऊन दोन-तीन सेकंदांत वर आली तर तेल तयार आहे. तळाशी रेंगाळली तर थंड आहे, तळाला न जाताच वर तडतडली तर फार तापलंय. वडा तळहातावरून कडेनं अलगद सोडा. दहा सेकंद हात लावू नका. तो वर आला की झाऱ्यानं त्याच्यावर गरम तेल उडवा, म्हणजे वरचं कवचही धरतं. मग झाऱ्याच्या पाठीनं अगदी हलकं दाबा. या वेळी तो फुगतो. फुगला की उलटा, दुसरी बाजू मिनिटभर. एकूण दीड ते दोन मिनिटं. रंग बदामी झाला की काढा. बाहेर काढल्यावर तो अजून एक छटा गडद होतो. दर वड्यानंतर तेल पंधरा-वीस सेकंद पुन्हा तापू द्या. घाईत एकामागून एक चार वडे सोडले तर तेल खाली येतं, आणि पहिले छान, पुढचे चपटे असं होतं. तुमच्या विसातल्या चारांमागे हेही थोडं असू शकतं.

निथळताना वडे कागदावर एकावर एक रचू नका. खालच्यांची वाफ वरच्यांना ओलं करते. चाळणीत उभे करा. दहा मिनिटांनी सुती कापड घातलेल्या डब्यात ठेवा, झाकण किंचित उघडं. वडा कुरकुरीत राहावा ही अपेक्षाच नको. कड जराशी करकरीत आणि आत मऊ, रस्सा ओढून घेईल असा, हा त्याचा गुण. कोंबडीच्या रश्श्यासोबत असो की काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासोबत, तो बुडवून खायचा आहे.

फुटण्याची भीती बरोबर आहे, ती राहू द्या. वडा फुटतो म्हणजे आत वाफ झाली, पण कवचानं ताणून जागा दिली नाही. कारणं मुख्यतः तीन. न भिजलेला डाळीचा कण किंवा मेथीचा अख्खा दाणा आत राहिला, तो कवचात अडकतो आणि तिथे कमकुवत जागा होते. दुसरं, मळताना किंवा गोळा करताना आत हवेची घडी राहिली. तिसरं, थापलेला वडा पंख्याखाली पडून वर सुकला. सुकलेली पापडी ताणली जात नाही, फुटते. म्हणून पीठ चाळा, गोळा तळहातात दाबून घट्ट वळा, आणि एका वेळी चार-पाचच्या वर थापून ठेवू नका. ठेवलेच तर ओलसर कापड झाका. तळताना तोंड कढईवर नको, लांब दांड्याचा झारा वापरा आणि मोठं झाकण हाताशी असू द्या. तेलानं पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण घाला, पाणी कधीही नाही.

आता तुमचा रविवार. माणशी पाच धरले तर ७५ वडे, म्हणजे ३ किलो मळलेलं पीठ. त्यासाठी कोरडं पीठ पावणेदोन किलो घ्या, म्हणजे थोडं हाताशी उरेल. मीठ ३५ ग्रॅम; पण तयार पिठात मीठ आधीच असेल तर चाखून ठरवा. एका परातीत एवढं नीट मळलं जात नाही, तीन वेगवेगळे गोळे मळा. एक वाजता जेवण असेल तर सकाळी सहाला पाणी उकळायला ठेवा. साडेसातपर्यंत मळून होईल, उकाड्याच्या दिवसांत साडेअकरापर्यंत मुरेल. सकाळी जमत नसेल तर शनिवारी रात्री मळा, दोन तास बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये ठेवा आणि रविवारी साडेदहाला बाहेर काढा. गार पीठ कधीच तळायला घेऊ नका, ते तेल थंड करतं. मोठ्या कढईत एका वेळी दोन वडे जातात. ७५ वड्यांना सव्वा ते दीड तास धरा. एकानं थापायचं, एकानं तळायचं. एकटीनं दोन्ही करायला गेलात तर किंवा तेल जास्त तापेल किंवा थापलेले वडे सुकतील. आणि शनिवारी दुपारी १०० ग्रॅम पिठाचे चार-पाच वडे करून बघा, पाण्याचं माप तिथे नक्की होईल.

मळलेलं पीठ उरलं तर ते फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतं, त्यानंतर फार आंबतं. उरलेले तळलेले वडे मात्र सोमवारी सकाळी तव्यावर, तेल न घालता, झाकण ठेवून मंद आचेवर दोन्हीकडून गरम करा आणि चहासोबत खा.